सरकीचे तेल आणि बीटीची पऱ्हाटी

तिवसा तालुक्यातल्या एका गावी आमचा रात्रीचा वर्ग भरतो. दिवसभर वावरात राबलेली माणसे संध्याकाळी पाटी-पुस्तक घेऊन बसतात. गेल्या हिवाळ्यात एक बाई वर्गात तेलाची रिकामी पिशवी घेऊन आल्या. त्या नुकत्याच अक्षरे जुळवू लागल्या होत्या. पिशवीवर बोट ठेवून त्यांनी वाचले, 'स-र-की-चे ते-ल'. वाचता आले म्हणून त्या हसल्या. मग एकदम गप्प झाल्या.

"गुरुजी, सरकी म्हंजे आपल्याच पऱ्हाटीची ना जी? बीटीचं पान खाल्लं का अळी मरते म्हणतात. मंग त्याच सरकीचं तेल आपण खातो, तं आपल्याले काही होत नाही का?"

वर्गातले लोक हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. बाईंनी विचारलेला प्रश्न लहान नव्हता. याच जातीच्या प्रश्नावर दिल्लीच्या दरबारात आणि सुप्रीम कोर्टात वर्षानुवर्षे वाद चालले आहेत. आम्ही बाईंना सांगितले, "आठ दिवस द्या. वाचतो, चार जाणत्यांना विचारतो, मग सांगतो." ते सांगितले, तेच इथे लिहून काढले आहे.

आधी बीटी म्हणजे काय ते पाहू. बीटी हे औषध नव्हे आणि खतही नव्हे. बीटी हा मातीत राहणारा एक जंतू आहे. तो इतका बारीक आहे की डोळ्यांना दिसत नाही. १९०१ साली जपानमध्ये रेशमाचे किडे पटापट मरू लागले. तिथल्या इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाने शोध घेतला, तेव्हा मेलेल्या किड्यात हा जंतू सापडला. पुढे १९११ साली जर्मनीच्या थुरिंजिया भागात बर्लिनर नावाच्या शास्त्रज्ञाला पिठात पडणाऱ्या अळीत तोच जंतू आढळला. त्या भागावरून जंतूचे नाव पडले बॅसिलस थुरिंजिएन्सिस. एवढे लांब नाव कोण घेणार? दोन शब्दांची पहिली दोन अक्षरे घेतली आणि झाले बीटी. या जंतूची भुकटी करून परदेशातले शेतकरी कित्येक वर्षे पिकावर फवारत आले. ती अळीला मारी आणि माणसाला काही करीत नसे.

मग शास्त्रज्ञांच्या मनात आले, भुकटी फवारायची कशाला? जंतूचा तो गुण झाडातच घातला तर?

हे कसे करतात ते समजायला आपले पुस्तकच घ्या. प्रत्येक झाडाच्या, जनावराच्या, माणसाच्या अंगात एक फार बारीक लिहिलेले पुस्तक असते असे समजा. पान कसे करायचे, फूल कोणत्या रंगाचे, दाणा केवढा, सारे त्यात लिहिलेले असते. त्यातल्या एकेका ओळीला जनुक म्हणतात. बीटी जंतूच्या पुस्तकात एक ओळ आहे, 'अळीला मारणारे प्रथिन असे तयार करा.' प्रथिन म्हणजे डाळीत, दुधात जे पोषणाचे सत्त्व असते त्या जातीचा पदार्थ. प्रथिने हजारो तऱ्हेची असतात. शास्त्रज्ञांनी जंतूच्या पुस्तकातली ती ओळ उचलली आणि पऱ्हाटीच्या पुस्तकात लिहिली. आता पऱ्हाटीच ते प्रथिन पानात, पात्यात, बोंडात आणि सरकीत तयार करते. अशा पिकाला जनुक बदललेले पीक म्हणतात.

इथे एक घोटाळा पुष्कळांचा होतो. हायब्रीड आणि बीटी एकच असे लोक समजतात. तसे नाही. हायब्रीड म्हणजे एकाच जातकुळीच्या दोन झाडांचे लग्न. पऱ्हाटीचे पहिले मोठे हायब्रीड एच-४ हे १९७० साली सुरतेला सी. टी. पटेल यांनी काढले. त्यात पऱ्हाटीच्याच दोन पुस्तकांची पाने एकत्र आली. आपल्या संत्र्याचे कलमही निराळे. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. खुंट खुंटाच्या जागी राहतो, डोळा डोळ्याच्या जागी. बीटीत मात्र जंतूची ओळ झाडाच्या पुस्तकात गेली. निसर्गात असे लग्न सहसा लागत नाही. लोकांना भीती वाटते ती यामुळेच. ती भीती वेडेपणाची आहे असे आम्ही म्हणणार नाही.

बीटी पऱ्हाटीला आपल्या देशात २६ मार्च २००२ रोजी मंजुरी मिळाली. बियाणे जालन्याच्या महिको कंपनीचे होते आणि जनुक अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीचे. त्याआधीचे दिवस म्हाताऱ्या मंडळींना आठवत असतील. हिरव्या बोंडअळीने बोंडे पोखरून टाकावी, कास्तकाराने फवाऱ्यावर फवारे मारावे आणि अळी तरी मरू नये. बीटी आली आणि पहिली काही वर्षे हिरवी अळी खरोखरच हटली. फवारेही कमी झाले. म्हणून ती इतकी पसरली की आज आपल्याकडच्या पऱ्हाटीत शंभरातली नव्वदाहून जास्त बीटी आहे. नुसत्या देशी पऱ्हाटीचे वावर आता दाखवायला शोधावे लागते.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. अळी मरते तर माणूस का मरत नाही?

कुलूप आणि किल्ली ध्यानात आणा. बीटीचे प्रथिन ही किल्ली आहे. अळीच्या आतड्याला त्या किल्लीचे कुलूप असते. शिवाय अळीच्या पोटातला रस खाण्याच्या सोड्यासारखा असतो. त्यात ते प्रथिन विरघळते आणि जागे होते. मग ते आतड्याला जाऊन चिकटते, आतड्याला भोके पडतात, अळी खाणे सोडते आणि मरते. आपल्या पोटातला रस लिंबासारखा आंबट. त्यात ते प्रथिन इतर प्रथिनांसारखे पचून जाते. आणि आपल्या आतड्याला ते कुलूपच नाही. किल्ली कितीही फिरवली तरी कुलूप नसेल तर दार कोठून उघडणार? गाई-म्हशींचेही असेच.

तेलाची गोष्ट तर आणखी सोपी आहे. प्रथिन तेलात राहत नाही, ते ढेपेत राहते. सरकीचे तेल गाळून, धुऊन, तापवून साफ करतात. एवढे झाल्यावर त्यात बीटीचे प्रथिन उरत नाही म्हटले तरी चालेल. तेव्हा बाईंच्या पिशवीतल्या तेलाला बीटीमुळे भ्यायचे कारण नाही.

यावर मागच्या ओळीत बसलेल्या एका कास्तकाराने विचारले, "तेल राहू द्या गुरुजी. ढेप तं आमची म्हैस खाते. दूध लेकरं पितात."

हाही प्रश्न खरा होता. ढेपेत ते प्रथिन असते. बीटी सरकी दुभत्या गाईंना चारून कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संस्थेत तपासणी झाली. दुधात ते प्रथिन सापडले नाही. वीस वर्षांवर काळ लोटला, आपल्या भागातली ढोरे हीच ढेप खात आहेत. पण सारे सांगायचे तर हेही सांगितले पाहिजे की २००६ च्या सुमारास आंध्रातल्या वारंगळ भागात पऱ्हाटी उलंगल्यावर वावरात चरलेल्या मेंढ्या मेल्या आणि ते बीटीमुळे झाले अशी ओरड झाली. सरकारी समितीने ते मानले नाही. झाडावर राहिलेल्या कीटकनाशकाकडे आणि चाऱ्यातल्या इतर विषारी द्रव्यांकडे समितीने बोट दाखवले. फवारलेल्या वावरात ढोर सोडू नये, मग पऱ्हाटी बीटी असो की देशी.

सरकीत आणखी एक विष असते आणि ते बीटीच्या आधीपासून, देवाने पऱ्हाटी केली तेव्हापासून आहे. त्याचे नाव गॉसिपॉल. कोंबड्यांना आणि लहान वासरांना ते बाधते. मोठी ढोरे रवंथ करतात, त्यांना ते पुष्कळसे पचते. म्हणून वासराला सरकी-ढेप देऊ नये, हे आपले म्हातारे सांगत आले. तेल साफ करताना हे गॉसिपॉलही निघून जाते. लाखोळीची डाळ घ्या. ती अगदी निसर्गाची, तिच्यात कोणी जनुक घातलेले नाही. पण महिनोन् महिने तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात. तेव्हा निसर्गाचे म्हणजे चांगले आणि शास्त्रज्ञाचे म्हणजे वाईट, किंवा उलट, असा सरसकट हिशेब आम्हाला पटत नाही. कोणती ओळ, कोणत्या पिकात, कशासाठी घातली आणि तपासली कोणी, हे दर वेळी नव्याने विचारावे लागते. जागतिक आरोग्य संघटनाही असेच म्हणते. बाजारात तपासून आलेल्या पदार्थांनी माणसाला अपाय झाल्याचे दिसलेले नाही, पण दर पीक वेगळे तपासा.

तपासणी कशाला हवी याचे एक उदाहरण ऐका. अमेरिकेत एका कंपनीने सोयाबीनचा कस वाढावा म्हणून ब्राझील देशातल्या एका सुक्या मेव्याचे जनुक सोयाबीनमध्ये घातले. तो मेवा काही लोकांना सोसत नाही. त्यांच्या अंगावर पित्त उठते, जीव घाबरा होतो. तपासणीत दिसले की मेव्याचा तो दोष नव्या सोयाबीनमध्येही आला आहे. १९९६ साली हे छापून आले. कंपनीने ते बियाणे बाजारात आणलेच नाही. तपासले म्हणून कळले. न तपासता पेरले असते तर?

आपल्याकडे हाच वाद वांग्यावर झाला. महिकोने बीटी वांगे तयार केले. ऑक्टोबर २००९ मध्ये सरकारी समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. पऱ्हाटी आपण अंगावर घालतो, वांगे तर भरीत करून पोटात घालतो. लोक खवळले. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत लोकांची सभा घेतली. जानेवारी २०१० मध्ये त्यातली एक आपल्या नागपुरातही झाली. कास्तकार बोलले, शास्त्रज्ञ बोलले, आरडाओरडाही पुष्कळ झाला. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी बीटी वांगे थांबवले. वांगे विषारी आहे असे ते म्हणाले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की तपासण्या बहुतेक कंपनीनेच केल्या आहेत, त्रयस्थाने केलेल्या पुरेशा नाहीत, आणि लोकांचा विश्वास बसलेला नाही. आम्ही जन्मभर शाळेत परीक्षा घेतल्या. पोराचा पेपर पोराच्या बापाने तपासावा, हे आम्हाला तरी चालले नसते. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ साली बीटी वांग्याला परवानगी दिली आणि तिथे ते पिकते, लोक खातात.

मोहरीचे तसेच. दिल्ली विद्यापीठाने तयार केलेल्या मोहरीला समितीने २०२२ साली मंजुरी दिली. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांची मते दोन झाली. सरकारने देशासाठी एक धोरण ठरवावे, यावर मात्र दोघांचे एकमत होते.

म्हणून आज आपल्या देशात कास्तकाराला पेरायला परवानगी असलेले असे पीक एकच, पऱ्हाटी. आपल्या वावरातले सोयाबीन जनुक बदललेले नाही. तूर नाही, चणा नाही, ज्वारी नाही, संत्रेही नाही. बाजारात कोणी काहीही सांगो. बाहेरून येणारे सोयाबीन तेल मात्र बरेचसे अर्जेंटिना, ब्राझील या देशांतले असते आणि तिथले सोयाबीन बहुतेक जनुक बदललेलेच. परदेशातून धान्य, फळे अशी २४ पिके खाण्यासाठी आणायची तर 'ही जनुक बदललेली नाहीत' असा दाखला लागतो. हा नियम २०२१ पासून आहे.

आता आणखी एक बियाणे आहे. त्याचे नाव घेतले की लोक इकडेतिकडे पाहतात. लोक त्याला एचटीबीटी म्हणतात, चोर बीटी असेही म्हणतात. त्या पऱ्हाटीवर तणनाशक मारले तर तण जळते, पऱ्हाटी जळत नाही. सरकारची त्याला मंजुरी नाही. तरी दर हंगामात पिशव्या येतात, काही पकडल्या जातात, काही पेरल्या जातात. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. निंदणाला बाई मिळत नाही, मजुरी परवडत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. पण निंदणावरच ज्यांची चूल पेटते त्या बायाही आमच्या वर्गात बसतात. त्यांच्याकडे पाहून आम्हाला सत्याग्रहाची बाजू सरळ घेता येत नाही. आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने इथे नुसते जनुक पाहून भागत नाही. जनुकाबरोबर येणाऱ्या तणनाशकाचाही विचार करावा लागतो. त्या तणनाशकाचे नाव ग्लायफोसेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली त्याला 'बहुधा कर्करोग करणारे' म्हटले. दुसऱ्या काही देशांच्या सरकारी संस्थांना ते पटले नाही. शिवाय चोर पिशवीत खरोखर काय आहे हे कोण सांगणार? एका वर्षी एका दुकानदाराने पावती न देता आम्हाला एक पिशवी दिली होती. अर्धे बी उगवले नाही. तक्रार करायला गेलो तर पावती मागितली.

असो. आता आमची स्वतःची चूक सांगतो.

बीटीच्या पिशवीबरोबर पूर्वी एक लहान पुडी मिळे. तीत साधे, बिगर बीटी बियाणे असे. ते वावराच्या कडेने लावा असे लिहिलेले असे. आम्ही मास्तर. आम्ही ते वाचले. तरी पुडी बांधावर फेकली. अळीला आपल्या हाताने चारा कशाला लावायचा, असे वाटले. गावात बहुतेकांनी तेच केले.

त्या पुडीचे कारण असे होते. हजार अळ्यांत एखादी अशी निघते की तिला बीटी बाधत नाही. साऱ्या वावरात बीटीच असेल तर बाकीच्या मरतात आणि ती एक उरते. तिच्यासारख्याच उरलेल्या दुसऱ्या पतंगाशी तिची जोडी जमते आणि पिल्ले सारी निबर निघतात. कडेला साधी पऱ्हाटी असेल तर तिथे नाजूक अळ्या जगतात. निबर पतंगाची जोडी त्यांच्याशी जमते, मग पिल्ले पुन्हा बीटीने मरतात. हिरवी अळी तूर खाते, चणा खाते. म्हणून तिची नाजूक जात तिथे टिकली. गुलाबी बोंडअळी जवळजवळ पऱ्हाटीवरच जगते. तिला दुसरे घर नाही. त्यात आपण फरदड घेतो. डिसेंबरनंतरही पऱ्हाटी उभी ठेवतो. अळीला बारमाही जेवण झाले. २००६ साली दोन जनुकांची बीटी आली, तीही गुलाबी अळीने पचवली.

२०१७ साली काय झाले ते कोणाला सांगायला नको. डोमकळ्या दिसल्या, बोंड फोडले तर आत गुलाबी अळी आणि कवडी झालेला कापूस. बीटीवर फवारा लागत नाही म्हणून ज्यांनी हे बियाणे घेतले, तेच पाठीवर पंप बांधून दोन-दोन, तीन-तीन दवाया एकत्र करून फवारू लागले. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती. फवारा तोंडावर येई. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर विषबाधेने गेले. शेकडो दवाखान्यात पडले.

म्हणून बाईंना आम्ही सांगितले, "माय, तेलाच्या पिशवीतल्या बीटीनं आपल्या भागात माणूस मेल्याचं आम्हाला सापडलं नाही. दवाईच्या डब्यानं मात्र गावोगाव माणसं गेली."

त्यावर बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या दवाईचा एक रिकामा डबा फडक्यात धरून घेऊन आल्या. घरात त्यात राॅकेल ठेवीत होत्या. डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो. लाल असेल तर सर्वांत जहर, मग पिवळा, मग निळा. हिरवा सर्वांत सौम्य, पण विष तोही. त्या डब्यावर लाल रंग होता. आम्ही सर्वांना तो दाखवला, मग डब्याला खिळ्याने भोके पाडली, म्हणजे पुन्हा कोणी त्यात काही भरणार नाही. बाईंनी हात साबणाने दोनदा धुतले आणि पाटी पुढे ओढली.